नववी कोंबडी

६ जानेवारी

डॉक्टरीणबाई,

तुला एक आजी आहे. परसदारी कोंबड्या पाळते, डाव्या कानाने कमी ऐकते, गोड खाऊ नको म्हटलं की हटकून खाते. आठवली का? नसेल आठवत तर हे पत्र तुझ्या खोलीतल्या दुसऱ्या मुलीला दे, ती तरी वाचेल. माझ्या मागच्या दोन पत्रांना उत्तर नाही. मला लिहिता येत नाही हे माझं निमित्त झालं. तुझं काय निमित्त आहे ते कळव.

फोन करत जा म्हणू नकोस. फोनवर तू "हो आजी, हो आजी" म्हणतेस आणि मधेच कुणाला तरी "चहा सांग" म्हणतेस. तेवढं मला डाव्या कानानेही ऐकू येतं. कागद निदान टेबलावर पडून तुला टोचत तरी राहील. हे पत्र सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. तो तुमच्या कॉलेजच्या फाटकासमोरच बस वळवतो, तेव्हा मिळालं नाही असं सांगायचीही सोय नाही.

लिहिते आहे तुझी आई. तिला बजावलंय, मी बोलेन तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. मला वाचता येत नसलं तरी चार शब्द बोलल्यावर लेखणी किती वेळ चालायला हवी ते मला कळतं.

आता कामाचं. कोंबड्या शिंकतायत. पहिली शिंकली ती सरदारीण. मला वाटलं, धूळ गेली नाकात. मग तिरळी, मग त्या दोघी काळ्या बहिणी. मास्तरणीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस येतो, पापणी सुजून डोळा अर्धा मिटलाय. एका डोळ्याने बघते, पण बाकीच्यांवर वचक तोच. काल तिला मांडीवर घेऊन पाठीला उजवा कान लावला. आत मंद आचेवर भांडं ठेवल्यासारखं रटरटत होतं. खातात, पितात, पण अंडी निम्म्यावर आलीत. काळजी घेतली नाही असं कुणी म्हणू नये. थंडी पडल्या दिवसापासून खुराड्याला चारी बाजूंनी गोणपाट बांधलंय. वाऱ्याला बोट शिरकवायला जागा नाही. नऊच्या नऊ जणी आत ऊबेत असतात.

कुंपणापलीकडे शेडवाला आहे, दोन हजार कोंबड्यांचा मालक, आणि तुझा बाप त्याचाच खाद्याचा टेम्पो चालवतो. तू विसरली असशील म्हणून सांगते. तर तो परवा कागद घेऊन आला. म्हणाला, आजी, नुसती तपासणी आहे, इथे अंगठा द्या. मी म्हटलं, आधी वाचून दाखवा. तो वाचेना, तेव्हा तुझ्या आईने वाचला. "माझ्या सर्व कोंबड्या मारून पुरण्यास माझी हरकत नाही." तपासणीचा हा अर्थ मला नवीन होता. मी अंगठा मुठीत घेतला.

आमचा रोग त्याच्या दोन हजारांना लागेल म्हणून त्याने तुझ्या बापाला महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली आहे. तोवर कोंबड्या गेल्या नाहीत तर टेम्पोला दुसरा ड्रायव्हर. तुझा बाप मला म्हणाला, आई, नऊ कोंबड्यांपायी माझी चाकं काढून घेऊ नकोस. त्याचंही खोटं नाही. पण मी आजवर तीन वेळा अंगठा दिलाय. एकदा लग्नाच्या नोंदीवर, एकदा तुझ्या आजोबांच्या जमिनीवर, एकदा दवाखान्यात. तिन्ही वेळा कागदात काय आहे ते दुसऱ्यांनी सांगितलं आणि तिन्ही वेळा ते अर्धंच निघालं. चौथ्यांदा नाही.

पाच वर्षं जनावरांची डॉक्टरकी शिकते आहेस. आता सांग, काय करू.

आजी

८ जानेवारी

प्रिय आजी,

कान धरले. परीक्षा होती हे निमित्त चालेल का? नाही चालणार, ठाऊक आहे.

आधी एक सांग. कुणी तडकाफडकी मेली का? तुरा निळा पडलाय, मान वाकडी होते, एका दिवसात दोन-तीन पटापट गेल्या, असं काही? तसं असेल तर कुणालाही हात लावू नकोस आणि बाबांना सरकारी पशुवैद्यांकडे पाठव, त्याच दिवशी. पण तुझ्या वर्णनावरून तसं वाटत नाही. फेस, शिंका, छातीतली रटरट, आणि तरी खाणं चालू, हा बहुतेक श्वासाचा चिवट रोग आहे. हळू येतो, हळू पसरतो.

ज्या शिंकतात त्यांना वेगळं ठेव. आधी निरोगींना दाणापाणी दे, मग आजाऱ्यांना, आणि मधे हात धू. गोणपाट आजच्या आज काढ. तुला वाटतं आत ऊब आहे, पण आत विष्ठेची वाफ कोंडते आणि तीच त्यांच्या छातीत जाते. पहाटे खुराड्यात डोकं घालून बघ, तुझेच डोळे चुरचुरतील. खालचा भुसा बदल. वारा वरून जाऊ दे, अंगावर येऊ देऊ नकोस.

ड्रायव्हरकाकांकडे पिवळ्या पुडीचा डबा दिला आहे. लिटरभर पाण्याला डब्यातलाच एक चमचा, सपाट. रोज ताजं करायचं. पाच दिवस तेवढंच पाणी प्यायला ठेवायचं, दुसरं नाही. आणि आजी, औषध चालू असेतो आणि त्यानंतर दहा दिवस अंडी खायची नाहीत. कुणालाच द्यायची नाहीत. मला माहीत आहे तुला ते जड जाणार.

आणखी एक. मी दिवाळखोर स्मरणशक्तीची असेन, पण गेल्या सुट्टीत मी तुझ्या कोंबड्या मोजल्या होत्या. आठ होत्या. नऊ कशा झाल्या?

तुझी विसराळू नात

१० जानेवारी

बाई गं,

तुझी आठवण नको तिथे कशी धावते? आजीचा निरोप विसरतेस आणि आजीच्या कोंबड्या मोजून ठेवतेस.

गोणपाट काढलं. काढण्याआधी डोकं घालून बघितलं. तू म्हणालीस तसंच झालं, डोळ्यांतून पाणी आलं. एवढे दिवस त्यांना मी ऊब म्हणून काय देत होते ते कळलं. तुझ्या आईने भुसा बदलला, नाक मुरडत, पण बदलला. पाच जणींना जुन्या न्हाणीत ठेवलंय. मास्तरणीला ते मुळीच पटलेलं नाही. न्हाणीच्या दाराशी उभी राहून ती दिवसभर माझ्या नावाने बोलते.

तडकाफडकी कुणी मेलेलं नाही. तुरे लाल आहेत.

आता नववी. पळवून आणलेली नाही. महिन्यापूर्वी शेडवाल्याने स्वतः आणून दिली. त्याच्या कळपात ती लंगडत होती, म्हणाला, आजी, तुमच्याकडे जगेल. मी तिला पाहुणी म्हणते. नवी कोंबडी महिनाभर वेगळी ठेवायची असं तू मला दोनदा सांगितलं होतंस, मी विसरलेले नाही, मी तुझ्यासारखी नाही. पण पहिल्या संध्याकाळी ती एकटी टोपलीखाली अशी काही रडायला लागली की मी तिला आठ जणींत सोडून दिलं. आठ जणींनी तिला टोचलं, मग जवळ घेतलं. आता लंगडत नाही. आणि ऐक, एवढ्या सगळ्यांत ती एकदाही शिंकली नाही. सर्वांत ठणठणीत तीच. तेव्हा मला रागावायची घाई करू नकोस.

औषध सुरू केलंय. अंडी खायची नाहीत हे ऐकून तुझ्या बापाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्याच्या ताटातून उचलली. दिवस मोजायला मी एका वाटीत पंधरा घेवडे घातलेत. पाच औषधाचे, दहा नंतरचे. रोज एक काढायचा. तुमचं कॅलेंडर मला कळत नाही, वाटी कळते.

(मला विचारशील तर नऊ कोंबड्यांपायी घरात एवढं रामायण नको. यांची नोकरी महत्त्वाची. – आई)

आता तुझी आई फार वेळ लिहीत होती. मी विचारलं काय लिहिलंस, तर म्हणते, "तारीख." पत्राच्या मध्यावर कसली तारीख? तिने लिहिलेलं तू वाचलंच असशील. तिला सांग, सासूबाई बहिऱ्या आहेत, आंधळ्या नाहीत.

आजी

१६ जानेवारी

पोरी,

पाच घेवडे काढून झाले. औषध संपलं. गुण नाही.

सरदारीण आणि काळ्या बहिणी होत्या तशाच आहेत. तिरळीचा दुसरा डोळाही सुजायला लागलाय. मास्तरीण कालपासून पंख फुगवून एका कोपऱ्यात बसून आहे, चोच उघडी ठेवून श्वास घेते. माझ्या नावाने बोलणंही बंद केलंय तिने. ते मला सर्वांत वाईट वाटतं.

औषध तू सांगितलंस तसंच दिलं. चमचा सपाट, रोज ताजं. उगाच तपास करू नकोस.

तुझा बाप घरात कमी बोलतो. जेवायला बसला की भिंतीकडे बघतो. शेडवाला आता कुंपणाशी येत नाही, तुझ्या बापाच्या हाती निरोप पाठवतो. म्हणजे माझ्याच पोराच्या तोंडून मला धमकी. मी तुझ्या बापाला म्हटलं, निरोप पोचला, आता पोचपावती घेऊन जा, आणि पोचपावतीत जे म्हटलं ते तुझी आई लिहायला तयार नाही.

दुसरं औषध पाठव. जास्त कडू असलं तरी चालेल.

आजी

१८ जानेवारी

आजी,

हे पत्र मी तीनदा फाडून लिहिलं आहे.

आमच्या सरांना सगळं सांगितलं. दिवस, खुणा, औषध, प्रमाण. त्यांनी एकच विचारलं, औषध नीट दिलं गेलं का? मी म्हटलं, माझी आजी एकदा ठरवलं की चमच्याचं टोकही चुकू देत नाही. त्यावर ते म्हणाले, मग हा तो रोग नाही, किंवा औषधाला दाद न देणारा आहे. दोन्हींपैकी काहीही असलं तरी पलीकडे दोन हजार पक्षी आहेत. अशा वेळी छोटा कळप काढून टाकतात.

आजी, मी पण तेच म्हणते आहे. मला तसं म्हणायला कसं वाटतं ते लिहीत नाही. मास्तरीण चोच उघडून श्वास घेते आहे म्हणजे तिला त्रास होतो आहे. बाबांची नोकरीही आहेच. कागदावर अंगठा दे. मी त्या दिवशी तिथे येईन. त्यांना त्रास होऊ न देता ते कसं करायचं ते मला येतं, दुसऱ्या कुणाला करू देणार नाही.

तुझी नात

१९ जानेवारी

डॉक्टरीणबाई,

पत्र ऐकलं. तुझ्या आईने हळू आवाजात वाचलं, मी तिला पुन्हा मोठ्याने वाचायला लावलं. असं पत्र हळू आवाजात वाचलं की खरं वाटायला लागतं.

तुझ्या सरांनी माझ्या कोंबड्या पाहिल्यात का? तू पाहिल्यास का? न बघता मारायचं ते शेडवाल्यालाही येतं, त्याला पाच वर्षं शिकावं लागलं नाही. मी तुझ्याकडे औषध मागितलं होतं आणि तू कागद पुढे केलास. त्याने तरी खोटं बोलून अंगठा मागितला, तू माया लावून मागतेस. माया लावून मागितलं की माणूस देतो, म्हणून मी जास्त सावध आहे.

नाही देणार. तू आलीस तर खायला घालीन, निजायला जागा देईन, अंगठा देणार नाही.

मास्तरीण आज सकाळी गेली. मी दाणे घेऊन न्हाणीत गेले तर दाराशी नव्हती. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली, बसल्या बसल्याच गेली. सहा वर्षांची होती. तिच्या अंड्यांवर तू दोन सुट्ट्या काढल्यास, तेवढं तरी आठवत असेल.

तिला पुरलं नाही. तुझ्याकडे पाठवते आहे. तुझ्या बापाचा उभा जेवणाचा डबा होता ना, त्याची आतली भांडी काढली, खाली वर बर्फ घातला, तिला दोन पिशव्यांत नीट बांधून आत बसवलं. उद्याच्या बससाठी ड्रायव्हरला सांगून ठेवलं, तर त्याने विचारलं, आजी, नातीला काय पाठवता? मी म्हटलं, कोंबडी. खोटं बोलले नाही. तो म्हणाला, नशीबवान आहे नात.

आता उघडून बघ तिला. आत काय आहे ते डोळ्यांनी बघ, सरांनाही दाखव. मग सांग, मारायचं की नाही. बघून सांगितलंस तर निदान भांडायला मजा येईल.

आजी

डब्याच्या झाकणाला चिकटवलेली चिठ्ठी

हे मी पत्रात लिहू शकले नाही, आजी माझ्या हाताकडे बघत बसतात.

आजींनी औषध पाण्यातून दिलेलं नाही. पहिल्या दिवशी कोंबड्यांनी त्या पाण्याला चोच लावून तोंड फिरवलं. तेव्हा आजींनी पाचही दिवस पुडी दुधात कालवली, त्यात पाव भिजवला, वर अंड्याच्या टरफलांची पूड घातली आणि हाताने भरवलं. साधं पाणी शेजारी होतंच. मला म्हणाल्या, पोरीला सांगू नकोस, ती रागावेल. आणि दुधाने कुणाचं वाईट होतं? मलाही त्यात वावगं वाटलं नाही म्हणून गप्प बसले. पण तुझं पत्र वाचल्यापासून मनात येतंय की तुला हे माहीत असायला हवं.

कोंबड्या जाव्यात असं मलाच वाटत होतं. अजूनही त्यांची घाण काढताना वाटतं. पण मास्तरणीला पिशवीत बांधताना आजींच्या हातून गाठ बसेना, ती मलाच मारावी लागली.

तुझी आई

२२ जानेवारी

आजी,

मास्तरीण पोचली. फाटकावर ड्रायव्हरकाका म्हणाले, गरम करून खा. मी मान डोलावली.

आम्ही तिला उघडलं. सर होते, मी होते. तिच्या श्वासाच्या पिशव्या, ज्या काचेसारख्या पातळ असायला हव्यात, त्या दुधाच्या सायीसारख्या जाड झाल्या होत्या. रक्ताची तपासणीही केली. मी पहिल्या पत्रात म्हटलं होतं तोच रोग आहे. त्याला तेच औषध लागू पडतं. मग पडलं का नाही, असं सरांनी मला विचारलं, आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर होतं.

मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस, आणि ज्याने सांगितलं त्याला बोलू नकोस. आजी, ती पिवळी पुडी दुधात विरघळली की दुधातला चुना तिला धरून ठेवतो. टरफलांची पूडही तेच करते. औषध पोटात जातं आणि तसंच्या तसं बाहेर पडतं. तू पाच दिवस मन लावून त्यांना भरवलंस आणि त्यांना औषधाचा कणही लागला नाही.

चूक तुझी एकटीची नाही. "पाण्यातून दे" एवढंच मी लिहिलं, दूध का नको ते लिहिलं नाही. डब्यावर बारीक अक्षरात आहे ते. आणि जी आजी एकट्या कोंबडीचं रडणं ऐकवत नाही म्हणून टोपली उचलते, ती कडू पाणी पुढ्यात ठेवून गप्प बसेल असं मला वाटलंच कसं? सरांना मी "चमच्याचं टोकही चुकत नाही" म्हणाले. तू विचारलंस ते बरोबर होतं. मी न बघता सांगितलं. त्याची माफी मागते.

नवा डबा पाठवते आहे. या वेळी प्लास्टिकच्या भांड्यात, फक्त पाण्यातून. दूध नाही, पाव नाही, टरफल नाही. दुसरं पाणी कुठेही दिसता कामा नये, न्हाणीतल्या बादलीतलंही. तोंड फिरवतील, अर्धा दिवस रुसतील, मग पितील. तू आत जाऊन बस आणि त्यांच्याकडे बघू नकोस. पाच दिवस. वाटीत पुन्हा पंधरा घेवडे.

आता दोन गोष्टी, ज्या तुला आवडणार नाहीत. बऱ्या झाल्या तरी हा रोग त्यांच्या अंगात दबून राहतो, जन्मभर. त्या ठणठणीत दिसतील आणि दुसऱ्यांना देतील. तेव्हा यापुढे तुझ्या परसात नवा पक्षी येणार नाही आणि तिथला एकही बाहेर जाणार नाही. ना पिल्लू, ना उबवायला अंडं. शेडवाल्याची भीती खोटी नाही.

दुसरी गोष्ट पाहुणीची. जी कधीच शिंकली नाही तीच. तिला तो रोग आधी होऊन गेला असणार, म्हणून ती ठणठणीत. शंभर टक्के मी सांगू शकत नाही. पण महिन्यापूर्वी ती आली आणि त्यानंतरच सगळ्या शिंकायला लागल्या. ती कुठून आली ते तुला माहीत आहे.

तुझी नात

१ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

सात जणी कडू पाणी प्यायल्या. पाहुणी आठवी, तीही प्यायली. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत अशा रुसल्या की भांड्याच्या चारी बाजूंनी फिरून माझ्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मी आत खाटेवर पाठ फिरवून बसले. मांडीखाली दोन्ही हात दाबून बसले, न जाणो उठून दुधाचं पातेलं उचलतील. कठोर व्हायचं ते तुझ्यासाठी झाले, त्यांच्यासाठी झाले, दोन्हीकडच्यांनी लक्षात ठेवा.

तिसऱ्या दिवशी फेस कमी झाला. पाचव्या दिवशी सरदारणीच्या पाठीला कान लावला तर आत शांत होतं. तिरळीचे दोन्ही डोळे उघडलेत, होते तितकेच तिरळे आहेत. काळ्या बहिणी पुन्हा भांडतात.

दुधाचं म्हणशील तर मीच खोटं बोलले. तू मला रागावशील म्हणून नाही. तुला वाटेल, हिला एवढंही जमत नाही, अक्षर नाही ना. ते नको होतं मला. पण त्या लपवण्यात मास्तरीण गेली. हे लिही असं तुझ्या आईला सांगितलं तेव्हा तिने लेखणी थांबवली. मी म्हटलं, लिही. आणि चिठ्ठी कुणी लिहिली ते मला त्याच दिवशी कळलं होतं. डबा बंद करायला एवढा वेळ लागत नाही. तिला मी काही बोललेले नाही. तिने भुसा बदलायचं मात्र आता माझ्या सांगण्याशिवाय सुरू केलंय, तेवढ्यावरून काय ते समज.

काल महिनाअखेर. शेडवाला आला. तोच कागद, घडी थोडी मळलेली. ओट्यावर बसला, पाणी घेतलं, म्हणाला, आजी, आता वेळ संपली. मी तुझं पत्र तुझ्या आईकडून त्याला वाचून दाखवलं, पाहुणीपर्यंत. त्याने ऐकून घेतलं आणि हसला. एका लंगड्या कोंबडीवरून तुम्ही माझ्या शेडला नावं ठेवता? म्हणाला, माझ्याकडे एक पक्षी शिंकत नाही, वाटलं तर तुमच्या मुलालाच विचारा, तो रोज आत जातो.

तुझा बाप दारात उभा होता, एक चप्पल पायात, एक हातात. महिनाभर माझ्याशी नीट न बोललेला माणूस. मला वाटलं, आता हा भिंतीकडे बघणार. मी त्याला विचारलंही नाही. त्याचंच पोट, त्याचीच चाकं, मी कोण विचारणार.

तो मालकाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, तिकडे डिसेंबरपासून शिंकतायत. रोज पाटीभर मेलेल्या मीच पुरतो."

परसात काळ्या बहिणींचं भांडण तेवढं चालू होतं.

शेडवाल्याने आपला कागद घडी करून खिशात टाकला आणि उठायला लागला. मी म्हटलं, बसा, माझं अजून झालं नाही. तुम्ही कागद आणलात, आता माझा कागद ऐका. आणि तुझ्या आईला कोरा कागद घ्यायला लावला. मी बोलले, तिने लिहिलं, तो बसून होता. कागदात असं आहे. आठ कोंबड्या मेल्याशिवाय या परसातून जाणार नाहीत आणि नववी येणार नाही, अंडंही नाही. शेडचा टेम्पो आमच्या फाटकात येणार नाही, रस्त्यावर थांबेल. शेडमधल्या चपला शेडमध्ये, घरातल्या घरात. दोन्हींच्या मधे कुंपणालगत चार हात जागा मोकळी राहील. शेडवाले सरकारी पशुवैद्यांना आठवड्याच्या आत बोलावतील. ड्रायव्हर तोच राहील. शेवटच्या वाक्याला त्याने भुवई उचलली, मी म्हटलं, ते पहिलं लिहायचं होतं, मी शेवटी घातलं, एवढं तरी समजून घ्या.

त्याने सही केली. का केली ते तोच जाणे. मेलेल्यांच्या पाटीचं गावभर व्हायला नको असेल, किंवा पशुवैद्य बोलवायला त्याला कुणीतरी भाग पाडायला हवं असेल. जाताना पाहुणीकडे बघून म्हणाला, हिला परत नेतो. मी म्हटलं, कागद वाचा. आठांत ती धरलेली आहे. आजारी पडली तुमच्याकडे, बरी झाली तुमच्याकडे, यात तिचा काय दोष? इथेच राहील.

मग तुझ्या आईने मला कागद पुन्हा वाचून दाखवला, पहिल्या अक्षरापासून. सगळे शब्द माझे होते. एकही कुणी घातलेला नव्हता, एकही गाळलेला नव्हता. तेव्हा मूठ उघडली आणि चौथा अंगठा दिला. चांगला काळाभोर उठलाय. शाई अजून निघत नाही आणि मी घासतही नाही.

आता आम्ही सगळ्या बंद दाराच्या. नवं कुणी आत नाही, जुनं कुणी बाहेर नाही, आठ जणी आणि नववी मी. जिला आम्हांला बघायचं असेल तिने सुट्टीत इकडे यावं, पाय धुऊन.

वाटीत अजून पाच घेवडे आहेत. काल तिरळीने एवढं मोठं अंडं दिलं आणि मी ते खड्ड्यात पुरलं, तू सांगितलंस म्हणून. आठ कोंबड्यांची मालकीण अंड्यासाठी तोंड वासून बसली आहे, हे हसण्यासारखं आहे, हस. हसून झालं की बाजारात जा. मास्तरणीचा डबा परत पाठवू नकोस, त्यात आता कुणी जेवणार नाही. तुझा बाप दोन आठवडे कागदात बांधून जेवण नेतोय, त्याच्यासाठी नवा उभा डबा घे आणि तो रिकामा पाठवू नकोस. बारा अंडी घाल. बसमध्ये फुटतील, म्हणून उकडून. शेडवाल्याच्या शेडमधली नाहीत ना, ते दुकानदाराला विचारून घे. मीठ आमच्याकडे आहे.

आजी